धनुष्यासाठी लाकूड कोणतं घ्यावं? सोलापुरातून नेहमी येणारे प्रश्न

गच्चीवर तासायला काढलेल्या पट्ट्या दिसल्या की शेजारीपाजारी विचारतात, "काय ओ, खाट करताय का?" धनुष्य म्हटलं की मग पुढचे प्रश्न ठरलेले असतात. कन्नड बोलणारे शेजारी त्याला बिल्लू म्हणतात, तेलुगू बोलणारे विल्लू, पण प्रश्न तिन्ही भाषांत तेच. म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतोय. मी सुतार नाही, फावल्या वेळेत शिकलेला माणूस आहे. खाली जे आहे ते हातानं करून आणि बरंचसं मोडून कळलेलं आहे.

सगळ्यात चांगलं लाकूड कोणतं? एका शब्दात सांगा.

सरळ.

जातीचं नाव हवं होतं, ठाऊक आहे. पण सरळ रेषेची, म्हणजे तंतू टोकापासून टोकापर्यंत सरळ गेलेली बाभूळ, पिळाच्या धामणीपेक्षा (धामण म्हणजे धनुष्याला नावाजलेलं जंगली झाड) केव्हाही बरी. तरी नाव सांगायचंच तर सोलापुरात बसून पहिलं धनुष्य भरीव बांबूचं करा, दुसरं बोरीचं किंवा बाभळीचं. तिसऱ्याच्या वेळी मला विचारायची गरज पडणार नाही.

लाकडाकडून धनुष्याला नेमकं काय हवं असतं?

धनुष्य ओढल्यावर निशाणाकडची बाजू ताणली जाते, तिला पाठ म्हणायचं. आपल्या तोंडाकडची बाजू दाबली जाते, ते पोट. पाठीला लांब, अखंड तंतू लागतात. पोटाला दाट, दाब सोसणारं लाकूड लागतं. बहुतेक लाकडं दाबापेक्षा ताण जास्त सोसतात, म्हणून आधी पोट थकतं आणि दोरी काढल्यावरही धनुष्य थोडं वाकलेलंच राहतं. याला मी बाक धरणं म्हणतो. इंच-दीड इंच बाक चालतो. दोन इंचांच्या वर गेला तर लाकडाला त्याच्या कुवतीपेक्षा जास्त वाकवलंय असं समजा.

पाठीचं मात्र वेगळं आहे. तिथला तंतू मध्येच कापला गेलेला असेल तर बाक वगैरे काही नाही, सरळ दोन तुकडे.

वखारीत फळी कशी निवडायची?

पहिली गोष्ट, वखारवाल्याला "धनुष्यासाठी" असं सांगू नका. तो हसतो आणि हाताला येईल ती फळी काढून देतो. "दांड्यासाठी सरळ रेषेची, सहा फूट लांब, दोन इंच रुंद, एक इंच जाड" असं सांगा. दांडा त्याला कळतो.

मग फळी उजेडात न्या आणि रुंद बाजू आणि कड या दोन्हींवरची रेषा बोटानं टोकापासून टोकापर्यंत चालवत जा. रेषा मध्येच कडेबाहेर पळत असेल तर तिथंच धनुष्य मोडणार. फुटामागे तीन सुतांपेक्षा (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जास्त सरकणारी फळी मी परत ठेवतो. रेषा दिसत नसेल तर शाईच्या पेनाचा एक थेंब टाका. शाई तंतूच्या दिशेनं ओढली जाते आणि खरी रेषा कळते. कधीकधी डोळ्याला दिसणारी नक्षी एकीकडे असते आणि तंतू दुसरीकडे.

जमलं तर त्याच फळीची फूटभर लांब, दोन सूत जाड पट्टी कापून मागून घ्या आणि गुडघ्यावर मोडा. मोडताना लांब कुसळं निघाली तर लाकूड कामाचं. गाजरासारखं कट् करून तुटलं तर ते कपाटाला द्या.

फळीपेक्षाही चांगलं म्हणजे फाडलेलं लाकूड. करवत यंत्राच्या रेषेत जाते, पाचर तंतूच्या रेषेत जाते. ओंडका पाचरीनं फाडला की लाकूड स्वतःच दाखवतं की ते सरळ आहे की पिळाचं. माझी जमलेली सगळी धनुष्यं फाडलेल्या लाकडाची आहेत, एक सोडून.

सागवान का नको? घरात जुन्या चौकटी पडल्यात.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, कारण माळवदाची घरं पाडली की सागवान निघतं आणि ते जाळवत नाही. सागवान स्थिर आहे, कीड लागत नाही, दारं-खिडक्यांना त्याच्यासारखं दुसरं नाही. पण ताणाखाली पाठीवर त्याची कुसळं सुटतात.

माझं पहिलं धनुष्य सागवानीच होतं. आजोबांच्या दाराच्या चौकटीचं, साठेक वर्षं वाळलेलं. मला वाटलं, एवढं जुनं म्हणजे सोनंच. मे महिन्यात, दुपारी चार वाजता, गच्चीवर पंचवीस इंचांपर्यंत ओढलं आणि वरची भुजा, म्हणजे मुठीच्या वरचा वाकणारा भाग, मुठीपासून वीतभर अंतरावर फुटली. तुकडा कपाळावर बसला, तीन टाके पडले. नंतर तुटलेली जागा पाहिली तर रेषा तिथं तिरपी उतरत होती आणि मी ती रंध्यानं कापून टाकली होती. चूक सागवानाची कमी, माझी जास्त. तरीही नवख्यानं ते घेऊ नये या मतावर मी ठाम आहे.

घ्यायचंच असेल तर पाठीवर बांबूची पातळ पट्टी चिकटवा आणि भुजा दोन इंच रुंद ठेवा. सागवानाच्या अंगात तेल असतं, त्यामुळे चिकटवण्याआधी तो भाग पॉलिशपेपरनं घासून थिनरनं पुसायचा, नाहीतर सांधा सुटतो. आणि त्यात वाळूसारखा अंश असतो, रंध्याचं पातं लवकर बोथट होतं.

बाभूळ?

आपल्या भागाचं लाकूड. बैलगाडीची चाकं, नांगर, कुळव यासाठी पिढ्यान् पिढ्या बाभूळच वापरली, कारण ती धक्का सोसते. धनुष्यालाही हाच गुण लागतो. जड आहे, त्यामुळे भुजांची टोकं बारीक ठेवा. टोकाकडे वजन राहिलं की बाण आळशी जातो.

अडचण एकच, सहा फूट सरळ बाभूळ सापडणं. रस्त्याकडेच्या झाडांत नाही मिळत. ओढ्याच्या काठी, दाटीत वाढलेली झाडं उजेडासाठी वर जातात, तिथं बघा. पाच-सहा इंच जाडीचं खोड पुरतं. जुने सुतार बाभूळ कापली की काही महिने विहिरीत किंवा तळ्यात बुडवून ठेवत. त्यानं लाकडातला गोडवा निघून जातो, कीड लागत नाही आणि वाळताना भेगाही कमी पडतात. वास मात्र असा येतो की घरचे बोलायचे बंद होतात.

मोडक्या बैलगाडीचा जू किंवा दांडी मिळाली तर सोडू नका. फक्त बोल्टाची भोकं कुठे आहेत ते आधी पाहा.

आणि येडी बाभूळ? ती तर जिकडेतिकडे आहे.

सरावाला उत्तम. दाट आहे, वाळताना फारशी वाकत-फिरत नाही आणि ती नेली म्हणून शेतकरी उलट आभार मानतो. पण बाभळीइतकी लवचिक नाही आणि सरळ चार फूट मिळाली तरी नशीब. मुठीत जोडायची दोन तुकड्यांची धनुष्यं तिची चांगली होतात. काट्यांसाठी जाड तळव्याचे बूट घाला. चपलेतून आरपार जातो, सांगून ठेवतो.

बोर, चिंच, कडुनिंब, डाळिंब, निलगिरी यांचं काय?

बोर छान. चिवट, बारीक तंतूची, कुऱ्हाडीच्या दांड्याला चालते म्हणजे धनुष्याला चालेल असं धरून चाला. बागेतल्या बोरी दर उन्हाळ्यात छाटतात, त्यामुळे खोड बुटकं आणि गाठाळ राहतं. बांधावरची, न छाटलेली गावरान बोर शोधा.

चिंचेचा गाभा कठीण, पण तंतू एकमेकांत अडकलेले. मोगरीला घ्या. कडुनिंबाचंही तसंच, शिवाय ठिसूळ. निलगिरी उभी असताना दिसते सरळ, पण आतून पिळाची. डाळिंबाचं लाकूड बारीक आणि वेडंवाकडं असतं, भुजा काही होत नाही. मात्र ते इतकं घट्ट आहे की दोरीच्या खाचेजवळ टोकाला त्याचा चिप्पा बसवला तर दोरी लाकडात रुतत नाही. केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र असलेल्या गावात राहून डाळिंब कुठेतरी वापरायलाच हवं.

रेशीमवाल्यांची तुती चालेल का?

जात चालेल, झाड नाही. तुती ही अमेरिकेतल्या ओसेज ऑरेंजच्या कुळातली, आणि ओसेज म्हणजे धनुष्याच्या लाकडांतला राजा. तुतीच्या हॉकी स्टिक होतात, यावरूनच तिचा चिवटपणा कळावा. पण रेशमासाठी लावलेली तुती पाल्याकरता सारखी कापतात, तिच्या काड्या अंगठ्याएवढ्या. विहिरीजवळ किंवा जुन्या वाड्यात मोठं वाढू दिलेलं तुतीचं झाड असतं, त्याची पडलेली फांदी मिळाली तर मला फोन न करता आधी उचला. बाहेरचं पांढरं लाकूड काढून पिवळट गाभ्याचं एकच वर्षाचं वलय पाठीवर अखंड ठेवायचं. ते वलय मध्येच न तोडता तासत जाणं हेच सगळं कौशल्य. मी एका पाठीला दोन रविवार घालवलेत.

धामण कुठे मिळेल?

सोलापूरच्या आसपास नाही. सह्याद्रीत आणि विदर्भातल्या जंगलात ती होते. धनुष्य, कावडीची दांडी, कुऱ्हाडीचा दांडा यासाठी आदिवासी भागांत तिला फार मान. रेषा सरळ, लवचिकपणा अव्वल. ओळखीच्या शेतकऱ्याच्या मालकी जमिनीतली, रीतसर कागदांसह आलेली मिळाली तरच घ्या.

बांबू खरंच चालतो? तो तर आतून पोकळ असतो.

चालतो काय, आपल्या देशात धनुष्याचा जुना आधारच तो. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसनं इराणचा सम्राट झर्क्सिस याच्या फौजेतल्या भारतीयांचं वर्णन करताना सुती कपडे आणि वेताची धनुष्यं असं लिहिलंय. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात धनुष्याचे चार प्रकार येतात: ताडाचं, बांबूचं, लाकडाचं आणि शिंगाचं.

पोकळ नको असेल तर मानवेल मागा. ती जवळजवळ भरीव असते. कोकणातला माणगाही भरीव आणि सरळ. कळक जाड भिंतीचा असेल तर चिरून पट्टी काढता येते. बुरूड समाजातल्या जाणत्या माणसाला सोबत घेऊन गेलात तर निम्मं काम झालं. कोवळा आणि जून बांबू त्यांना नुसत्या आवाजावर कळतो. आपण डोळ्यानं ओळखायचं तर कोवळ्या बांबूवर पांढरी भुकटी असते आणि पेरांना पापुद्रे चिकटलेले असतात. जून बांबू निस्तेज, डागाळलेला दिसतो. तीन वर्षांच्या पुढचा हवा. आणि हिवाळ्यात तोडलेला हवा, पावसाळ्यात तोडलेल्याला भुंगा लागतो. रात्री शांततेत करकर ऐकू आली आणि खाली पिवळी भुकटी पडली की समजायचं, ते धनुष्य आता भुंग्याचं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बांबूची ताकद सालीलगत असते. तंतू तिथंच सगळ्यात दाट. म्हणून साल पाठीला ठेवायची आणि तिला कानस, रंधा, पॉलिशपेपर काहीही लावायचं नाही. पेराचा उंचवटासुद्धा हलक्या हातानंच. जे काढायचं ते आतल्या बाजूनं. एक मुलगा हौसेनं साल घासून गुळगुळीत करून, वर व्हार्निश मारून घेऊन आला होता. दिसायला देखणं. मी त्याला म्हटलं, भिंतीवर लाव, ओढू नकोस.

बांबू आणि लाकूड एकत्र चिकटवलं तर?

माझा आवडता प्रकार. पाठीला कडेला सूतभर जाडीची बांबूची पट्टी, पोटाला बाभूळ. बांबू ताणाला इतका जबर आहे की पोटाला हलकं लाकूड दिलं तर तो ते चिरडून टाकतो आणि पोटावर आडव्या बारीक सुरकुत्या उठतात. त्या दिसल्या की धनुष्य संपलं. म्हणून पोट दाटच हवं. चिकटवायला इपॉक्सी वापरा. पांढरा सुतारी गोंद सतत ताणाखाली हळूहळू सरकतो आणि आपल्या उन्हात तर जास्तच.

यू, ओसेज, हिकरी अशी परदेशी लाकडं मागवावी का?

हौस असेल तर. इंग्लंडच्या लांब धनुष्यांना यू लागायचं, कारण त्याचं बाहेरचं पांढरं लाकूड ताण सोसतं आणि आतला तांबूस गाभा दाब, म्हणजे पाठ आणि पोट एकाच ओंडक्यात तयार. १५४५ मध्ये बुडालेलं मेरी रोझ हे इंग्लंडचं लढाऊ जहाज १९८२ मध्ये वर काढलं, त्यावर १३७ अखंड धनुष्यं सापडली. पण यू थंड हवेचं लाकूड आहे, सोलापूरच्या मे महिन्याला भिऊन असतं. कोरड्या हवेत हिकरी चांगली टिकते. पुण्या-मुंबईच्या मोठ्या वखारींत परदेशी ऍश कधीकधी मिळतं, तेही चालतं. आणि हे लक्षात घ्या, डेन्मार्कच्या होल्मेगार्डच्या दलदलीत सापडलेली सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीची धनुष्यं एल्म या तिथल्या साध्या झाडाची आहेत. जवळ जे होतं त्याचंच त्यांनी केलं.

लाकूड किती दिवस वाळवायचं? आपल्याकडे ऊन तर भरपूर आहे.

तेच तर दुखणं. ओलं लाकूड बाक धरतं, हे खरं, पण अतिकोरडं लाकूड तुटतं, आणि सोलापुरात दुसऱ्याचीच भीती जास्त. धनुष्याला लाकडात आठ ते दहा टक्के ओलावा चांगला. पारा चाळिशीपार आणि हवा कोरडी ठाक असली की लाकूड चार-पाच टक्क्यांपर्यंत उतरतं. माझं सागवान बहुधा असंच उतरलं होतं.

मी करतो ते असं. गड्ड्याची यात्रा संपली की जानेवारीअखेर ओंडका फाडतो. फाडल्याबरोबर, त्याच तासाला, दोन्ही टोकांना जुना ऑइलपेंट फासतो. टोकाकडून पाणी सगळ्यात जलद उडतं आणि भेगा तिथूनच सुरू होतात. उद्या लावू म्हटलं की संपलं, सकाळी टोकं फुटलेली असतात. मग उन्हात नाही, गच्चीवर तर नाहीच, गावाकडच्या घरात माळवदाखाली तुळईला टांगून ठेवतो. बाहेर रणरणतं ऊन असलं तरी माळवदाखाली हवा शांत असते.

दर रविवारी वजन करून वहीत लिहायचं. बाभळीचा एक तुकडा ४ किलो २०० ग्रॅमला सुरू झाला होता, २ किलो ९०० ला येऊन थांबला. लागोपाठ तीन रविवार काटा हलला नाही की लाकूड तयार. ओबडधोबड आकार देऊन ठेवलं तर तीन-चार महिन्यांत होतं, अख्खा ओंडका ठेवलात तर वर्ष कमीच.

झालेलं धनुष्य मार्चअखेर ते जूनपर्यंत पहाटे किंवा दिवस मावळताना वापरा. गाडीच्या डिकीत ठेवू नका. पावसाळ्यात तेच धनुष्य मऊ आणि सुस्त वाटेल, घाबरू नका.

लांबी-रुंदी लाकडाप्रमाणे बदलते का?

बदलते. अठ्ठावीस इंच ओढणाऱ्याला छासष्ट इंच लांबीचं धनुष्य धरा. बाभूळ, बोर, तुती अशा दाट लाकडाला दीड इंच रुंदी पुरे, हलक्याला दोन इंच. जाडी मुठीजवळ पाच सूत, टोकाकडे तीन, आणि तिथून पुढे कानस जपून. रुंदी निम्मी केली तर जोर निम्मा होतो, पण जाडीचं गणित घनाचं आहे. जाडी दहा टक्के कमी केली की जोर सुमारे सत्तावीस टक्क्यांनी उतरतो. चाळीस पौंडांचं (म्हणजे पूर्ण ओढायला तेवढा जोर लागणारं) करायला बसलेला माणूस अर्ध्या तासात वीस पौंडांवर येतो, तो असा.

गाठ असली तर फेकून द्यायचं?

भुजेच्या मधोमध छोटी, घट्ट गाठ असेल तर तिच्याभोवती लाकूड जरा रुंद ठेवा. कडेला किंवा पाठीवर सुटी गाठ असेल तर द्या सोडून.

दोरी कसली?

लाकडाचा प्रश्न नाही, तरी विचारतात. जुन्या काळी मोरवेल, रुई, ताग, बांबू, स्नायू यांच्या दोऱ्या होत, ही यादीही अर्थशास्त्रातलीच. रुईच्या चिकापासून डोळे सांभाळा. मी जाड पॉलिस्टर शिलाईच्या धाग्याचे पदर वळतो. नायलॉन ताणतं, ते नको.

यावर स्पर्धा खेळता येईल?

अदिती स्वामी आणि ओजस देवतळे २०२३ मध्ये बर्लिनला जगज्जेते झाले ते कंपाउंड, म्हणजे कप्प्या लावलेल्या यांत्रिक धनुष्यावर, त्याचा लाकडाशी संबंध नाही. आपल्याकडे इंडियन राउंड नावाचा प्रकार आहे, त्यात बांबूचं देशी धनुष्य चालतं. घरचं नेण्याआधी तुमच्या जिल्हा संघटनेकडून नियम पाहून घ्या.

शेतातलं झाड आहे, तोडू का?

स्वतःचं असलं तरी थांबा. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याच्या यादीत साग, चिंच, आंबा, जांभूळ, खैर, तिवस अशी झाडं आहेत, त्यांना बांधावरही परवानगी लागते. महापालिकेच्या हद्दीत १९७५ चा वेगळा कायदा, तिथं वृक्ष अधिकाऱ्याला विचारावं लागतं. जंगलाबाहेरचा बांबू २०१७ पासून कायद्यानं झाड राहिलेला नाही, हा आणखी एक फायदा. नान्नजच्या माळढोक अभयारण्याकडे तर काडीसुद्धा उचलायला जाऊ नका. मी स्वतः वळवाच्या वादळात पडलेली झाडं शोधतो. मे महिन्यात एक वादळ झालं की वर्षाची बेगमी होते.

आणि शिकार नाही. १९७२ चा वन्यजीव कायदा आहे आणि नसता तरी माझं उत्तर तेच.

दहा वर्षांच्या मुलीसाठी काय करू?

चार फुटांची मानवेल, पंधरा पौंडांच्या आत, बाणाला रबरी टोक. आणि तिला पहिल्या दिवशी एकच शिकवा, बाण न लावता दोरी ओढून सोडायची नाही. तो झटका सगळा लाकडाला बसतो.

धनुष्य तुटणार हे आधी कळतं का?

बऱ्याचदा. दोरी चढवण्याआधी जुन्या सुती कपड्याचा बोळा पाठीवरून फिरवा. कुठे धागा अडकला तर तिथं कुसळ सुटलंय. ओढताना टिक् असा बारीक आवाज आला तर तिथंच थांबा, पुन्हा ओढून "खरंच आला का" बघायचं नाही. माझ्या कपाळावरचे तीन टाके त्या दुसऱ्या वेळच्या ओढण्याचे आहेत.